टेंभुर्णे तलाठी आणि ताराची नोंद

सडक अर्जुनीच्या वाचनालयात मी सव्वीस वर्षं ग्रंथपाल होते. एवढ्या वर्षांत तिथं आवाज चढवायचा हक्क फक्त माझा होता आणि तो मी भरपूर वापरला. पुस्तकाचं पान दुमडलं की मी ओरडायची, चिवड्याचे हात लागले की ओरडायची. एका माणसापुढे मात्र मी दर वेळी हरले, आणि त्या माणसानं जन्मात कधी आवाज चढवला नाही. वामन टेंभुर्णे, तलाठी.

१९९९ साली ते बदलून आमच्या गावच्या साझ्यावर आले. पहिल्याच संध्याकाळी लूना भिंतीला टेकवून आत आले, हात जोडून "जयभीम ताई" म्हणाले आणि 'दूरयान'चा भाग पहिला मागितला.

'दूरयान' म्हणजे नागपूरहून निघणारी खिशात मावतील एवढ्या पुस्तकांची मालिका. सात माणसं एका यानातून निघाली आहेत आणि दर भागात नव्या ताऱ्यावर पोहोचतात, एवढाच मामला. पण वाचकांना तिचं वेड होतं. आमच्याकडे छत्तीस भाग होते आणि सगळ्यांच्या शिवणी उसवल्या होत्या. मूळ लेखक आदल्या वर्षी वारले होते. आता प्रकाशक दुसऱ्यांकडून पुढचे भाग लिहून घेत होता.

टेंभुर्णे खिडकीजवळच्या खुर्चीत बसून वाचायचे. वाचायचे म्हणजे कसे? ओळीखाली सहा इंची पट्टी धरून. पान उलटायला बोट जिभेला लावणं त्यांना मंजूर नव्हतं. ऑफिसातली ओल्या स्पंजाची डबी ते पिशवीतून सोबत आणायचे. मला आधी हसू आलं, मग वाटलं, चला, एक तरी शहाणा वाचक लाभला. दोन महिन्यांत त्यांनी छत्तीस भाग संपवले आणि माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले.

"ताई, बाराव्या भागात यानाले तीन खिडक्या आहेत. एकोणिसाव्यात चार झाल्या. मधात फेरफार कुठंच नाई."

"कसला फेरफार?"

"चौथी खिडकी कोनं बसवली, कवा बसवली, त्याची नोंद. ह्या मालिकेचं रेकॉर्ड कोन ठेवते?"

"कोणीच नाही ठेवत. गोष्टी आहेत हो त्या!"

"मंग ठेवा लागन," ते शांतपणे म्हणाले. "गोष्टीचाबी सातबारा असते ताई. नाई तं कोनीबी येईन अन् काहीबी घुसवन."

मी त्यांना वेड्यात काढलं. दुसऱ्या दिवशी ते कोरं रजिस्टर घेऊन आले. पानांवर आकडे टाकलेले, रकाने आखलेले, पहिल्या पानावर 'या रजिस्टरात एकूण दोनशे पाने आहेत' असा दाखला लिहिलेला. खाली सहीची जागा माझ्यासाठी सोडली होती.

तिथून आमच्या वाचनालयात जे सुरू झालं, ते साऱ्या महाराष्ट्रात दुसरीकडे कुठं झालं असेल असं मला वाटत नाही. जमिनीचा फेरफार जसा होतो, तसा 'दूरयान'च्या प्रत्येक नव्या भागाचा व्हायचा. भाग आला की टेंभुर्णे निळ्या पेनानं त्यातल्या नव्या घटना रजिस्टरात घ्यायचे. मग पंधरा दिवस फलकावर नोटीस: 'खालील घटना मालिकेत घडल्या असे धरण्यास कोणाची हरकत असल्यास कळवावे.' मग रविवारी सकाळी सुनावणी. आणि शेवटी मंजूर किंवा नामंजूर. मंजूर म्हणजे ते खरंच घडलं. नामंजूर म्हणजे पुस्तक वाचा खुशाल, पण घडलं असं कोणी म्हणायचं नाही. दिवाळी अंकांतून येणाऱ्या सुट्या कथा ते 'इतर हक्क' या रकान्यात टाकत. आहेत म्हटलं तर आहेत, नाहीत म्हटलं तर नाहीत.

मंजुरीची सही मात्र ते करायचे नाहीत. "तलाठ्यानं नोंद घ्यायची. प्रमाणित करनं मंडळ अधिकाऱ्याचं काम." असं म्हणून त्यांनी लाल पेन माझ्या हातात दिलं. अशी मी दहावीनंतर ग्रंथालयाचा कोर्स केलेली बाई, एका सकाळी मंडळ अधिकारी झाले. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलंही.

सुनावणीला दहा-बारा माणसं जमायची. त्यांतली दोन कायमची. एक सलीमभाई, हायवेवर त्यांचं पंक्चरचं दुकान. मराठी पुस्तकं वाचून हिंदीत भांडायचे. दुसरे कटरे गुरुजी, रिटायर विज्ञान शिक्षक. ते 'दूरयान' फक्त चुका काढायला वाचत आणि त्यासाठी सगळ्यांच्या आधी नंबर लावत.

आणि एक वाचक कधीच वाचनालयात न आलेली. टेंभुर्ण्यांची बायको सुमनबाई. शनिवारी ते एक भाग घरी न्यायचे आणि ती लाखोळीची डाळ किंवा तांदूळ निवडत बसली की तिला मोठ्यानं वाचून दाखवायचे. तिला आवडायची तारा, यान चालवणारी. "बाकीचे सहा गोठी करतेत, काम थेच एकटी करते," असं तिचं म्हणणं, आणि सहाही जणांबद्दल ते खरंच होतं.

आता मूळ लेखकाच्या शेवटच्या, म्हणजे छत्तिसाव्या भागात काय होतं, तर तारा छोट्या होडीएवढ्या यानात बसून एका काळ्या ढगात जाते आणि परत येत नाही. बाकीचे तीन दिवस वाट पाहून निघून जातात. तिची खुर्ची रिकामी. संपलं पुस्तक. पुढे २००० साली एक्केचाळिसावा भाग आला, दुसऱ्याच लेखकाचा, आणि त्यात तारा परत आली!

काय गर्दी झाली हो त्या रविवारी! उभं राहायला जागा नव्हती. टेंभुर्ण्यांचं म्हणणं एकच, की मूळ लेखकाची शेवटची नोंद तारा गेल्याची आहे, ती बदलायचा अधिकार फक्त त्यालाच होता आणि तो वारला. त्याची नोंद दुसऱ्याच्या हातानं कशी बदलायची?

सलीमभाई उठले. "टेंभुर्णेसाब, पिछले साल की बात भूल गए क्या आप? वो नागझिरावाली बाई?"

ही गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती. म्हातारा बाप वारल्यावर दोन भाऊ वारसाची नोंद करायला आले होते. बहिणीचं काय, तर म्हणे ती कधीच वारली. सोबत दोन साक्षीदार, गावातल्या वजनदार माणसाची चिठ्ठी. टेंभुर्ण्यांनी एवढंच विचारलं, "डोळ्यानं पाह्यलं का?" आणि दुसऱ्या दिवशी लूना काढून नागझिऱ्याच्या बाजूच्या तिच्या सासरच्या गावी गेले. जंगलातला रस्ता, दोनदा लूना ढकलत नेली. बाई अंगणात धान वाळवत होती. तिच्या हातचं पाणी पिऊन त्यांनी जबाब घेतला, अंगठा घेतला आणि तिचं नाव भावांच्या बरोबरीनं लावलं. वजनदार माणसानं नंतर त्यांची बदली करायची धमकी दिली. "करा जी," म्हणाले. "नोंद थोडीच बदली होते?"

"उस बाई के लिए आप जंगल तक गए," सलीमभाई म्हणाले, "और तारा के लिए? लोग तीन दिन रुके और चल दिए. किसीने आँख से देखा क्या मरते हुए?"

टेंभुर्ण्यांनी रजिस्टर उघडून छत्तिसाव्या भागाची नोंद काढली. मग म्हणाले, "मेली असं मी लिहीतच नाई. गेली, एवढंच लिवलं आहे. परत आली असं मात्र मी लिवू शकत नाई. त्या बाईले मी सोता पाह्यलं होतं."

मी लाल पेनानं नामंजूर लिहिलं. मलाही तेव्हा तेच बरोबर वाटलं होतं, हे कबूल करते.

घरी काय झालं ते त्यांनीच मंगळवारी सांगितलं. सुमनबाईनं दोन दिवस भाजीत मीठ घातलं नाही. "विचारलं तं म्हनते, मिठाची नोंद नाई." हे सांगताना एवढे हसले ते, की चष्मा काढून पुसावा लागला.

वर्षं गेली. 'दूरयान'चे भाग आधी वर्षाला चार निघायचे, मग एक, मग बंदच झाले. वाचनालयात कॉम्प्युटर आला. टेंभुर्णे रिटायर झाले, पण आमच्याच गावात राहिले, बसस्टँडच्या मागं दोन खोल्यांचं घर बांधून. मुलगी लग्न होऊन नागपूरला होती. रोज संध्याकाळी यायचे, ते हळूहळू दोन दिवसांआड यायला लागले, मग आठवड्यातून एकदा. मी काऊन म्हणून विचारलं तर म्हणाले, "घरी सुमन एकटी राहून नाई राहिली आता."

एका दुपारी मीच गेले. त्यांना वाचायला चार पुस्तकं न्यावी, असा बहाणा. सुमनबाई ओसरीत खाटेवर बसली होती, केस नीट विंचरलेले. ते टेंभुर्णेच विंचरत असत. मला तिनं ओळखलं नाही. मुलीचं नावही ती विसरली होती. भात खाल्ला की नाही हे तिला आठवत नव्हतं. पण 'दूरयान' आठवत होतं, तेही अर्धवट. आमचं बोलणं चालू असताना तिनं एकदम नवऱ्याकडे पाहिलं.

"अवो, तारा आली का?"

टेंभुर्णे खाली पाहून म्हणाले, "नाई आली सुमन. रेकॉर्डवर नाई."

आणि ती बाई रडायला लागली. आज पहिल्यांदाच कळल्यासारखी रडली, लहान लेकरासारखी, पदर तोंडात धरून. दहा मिनिटांनी विसरली. चहा होईपर्यंत तिनं पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर, पुन्हा तेच रडणं.

माझा संताप झाला. मी त्यांना स्वयंपाकघरात ओढलंच म्हणा ना. "अहो, काय माणूस आहात का कोण? हो म्हणा ना! आली म्हणा! तुमचं काय जातं?"

"दिवसातून सात-आठ खेपा विचारते ताई," ते म्हणाले. "मले का वाटत नाई हो म्हनावं? पर मीच नामंजूर कराले लावली आहे. खोटं कसा सांगू?"

"तिला कुठं आठवणार आहे?"

त्यांनी गॅस बारीक केला. "तिले आता काहीच आठवत नाई. पोरगी नाई, घर नाई. वामन खोटं बोलत नाई, एवढंच एक तिच्या मनात राह्यलं आहे. म्हनून तं मलेच विचारते, दुसऱ्या कोनाले नाई विचारत. थेच मी खोटं करू का?"

मी चहा प्यायले आणि घरी आले. रात्रभर नाही, पण पुढचे चार दिवस चिडचिड करत राहिले, त्यांच्यावर आणि स्वतःवर. लाल सही तर माझीच होती.

पाचव्या दिवशी टेंभुर्णे वाचनालयात आले. खुर्चीत बसले नाहीत. माझ्या टेबलासमोर, जिथं सुनावणीला अर्जदार उभा राहायचा तिथं, उभे राहिले आणि दुमडलेला कागद पुढे केला.

'अर्जदार: वामन टेंभुर्णे, सेवानिवृत्त. विषय: भाग एक्केचाळीस अन्वये तारा परत आल्याची नोंद घेणेबाबत. कारण: वहिवाट. सदर तारा नोंद नामंजूर झाल्यापासून बारा वर्षे अर्जदाराचे घरी व इतर वाचकांचे घरी राहत असून तिला कोणीही बाहेर काढलेले नाही.'

मी दोनदा वाचलं. बारा वर्षं ताबा सलग आणि उघड असला, कोणी हटकलं नाही, की हक्क सांगता येतो, हे त्यांच्याकडूनच मला ठाऊक झालं होतं. "नोंद कोण घेणार?" मी विचारलं. "तुम्ही तर अर्जदार."

"तुमीच घ्या. अन् नोटीस लावा पंधरा दिवसाची. कमी नोको."

"आणि कोणी हरकत घेतली तर?"

"तं मंग ऐकावं लागन," ते म्हणाले.

मी नोटीस लावली. रोज फलकासमोरून जाताना कोणाची चिठ्ठी तर नाही ना, ते बघायची. कोण घेणार हरकत, 'दूरयान' तर आता कोणी वाचतही नव्हतं. चौदाव्या दिवशी कटरे गुरुजी काठी टेकत आले. ऐंशीच्या घरातला माणूस, कानाला यंत्र. टेबलावर चिठ्ठी ठेवली: 'हरकत. छोट्या यानात प्राणवायू तीन दिवसांचा होता. भाग छत्तीस, पान एकोणऐंशी. तारा परतली अकराव्या दिवशी.'

"गुरुजी, कायले हो?" माझा आवाज चढला. "माहीत आहे का, ते कशासाठी अर्ज करताहेत?"

"माहीत आहे," गुरुजी म्हणाले. "पण हरकत खरी आहे ना? मग टेंभुर्ण्यांना ती न सांगता नोंद झालेली चालेल का?"

नसती चाललीच. मला ते मेलं ठाऊक होतं.

रविवारी आम्ही पाच माणसं होतो. मी, गुरुजी, सलीमभाई, टेंभुर्णे आणि सुमनबाई. तिला घरी एकटं ठेवता येत नव्हतं म्हणून ऑटोतून आणलं होतं. ती खिडकीजवळच्या त्यांच्याच खुर्चीत बसून बाहेर बघत होती. सगळ्या जन्मात वाचनालयात पहिल्यांदा आली, ती अशी.

मी अर्ज वाचला, मग हरकत वाचली. "अर्जदाराचं काय म्हणणं आहे?"

टेंभुर्णे उभे राहिले. हरकत मी त्यांना आधीच कळवली होती, आणि छत्तिसावा भाग ते पान एकोणऐंशीवर उघडूनच घेऊन आले होते. पट्टी ओळीखाली धरून वाचलं आणि पुस्तक मिटलं. "हरकत बरोबर आहे जी. तीन दिवसाचीच हवा होती. माह्याजवळ ह्याचं उत्तर नाई."

"अरे, कुछ तो बोलो!" सलीमभाई कळवळले.

"नाई सलीमभाई. जे नाई थे नाई."

मला रडू येत होतं आणि रागही. लाल पेन हातात, आणि समोर हा एवढा सरळ माणूस, ज्यानं स्वतःची बाजूही स्वतःच बुडवली. काही सुचेना तेव्हा मी सुमनबाईकडे वळले. मंडळ अधिकाऱ्याला कोणालाही विचारता येतं.

"सुमनबाई, ताराजवळ तीन दिवसांचीच हवा होती. ती अकरा दिवस कशी जगली?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, कळलंच नाही तिला. मग ती अगदी सहज, शेजारणीशी बोलावं तशी बोलली.

"पुरवली असन ना. थोडी थोडी घेतली असन. बाईमाणूस पुरवते."

गुरुजींनी कानाचं यंत्र चाचपलं, बहुतेक नीट ऐकलं का याची खात्री करायला. मग काठी टेकत उठले, माझ्या टेबलावरची आपली चिठ्ठी उचलली आणि खिशात घातली.

"आमच्या हिनं सहा लेकरं माझ्या एका पगारात वाढवली," म्हणाले. "मी हा मुद्दा धरलाच नव्हता. हरकत मागे."

मी लिहिलं: मंजूर. खाली सही केली, तारीख घातली. टेंभुर्ण्यांनी रजिस्टर स्वतःकडे फिरवून वाचलं, दोनदा. मग म्हणाले, "ताई, नक्कल द्याल का? शिक्क्याची."

मी हाताने नक्कल उतरवून दिली, वाचनालयाचा गोल शिक्का मारून. त्यांनी ती फुंकर घालून वाळवली.

त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी मी त्यांच्याकडे गेले, ती शेवटची. पुढे मुलगी दोघांना नागपूरला घेऊन गेली आणि मग भेट राहूनच गेली. तेव्हा सकाळ होती. ओसरीत दोघं बसली होती, टेंभुर्ण्यांच्या हातात एक्केचाळिसावा भाग, ओळीखाली पट्टी, शेजारी स्पंजाची डबी. मला बसायला स्टूल दिलं. वाचता वाचता सुमनबाईनं त्यांची बाही ओढली.

"अवो, तारा आली का?"

टेंभुर्ण्यांनी पुस्तक मिटलं. शर्टाच्या खिशातून प्लास्टिकच्या पाकिटात घातलेली नक्कल काढली, तिच्यासमोर धरली आणि शिक्क्यावर बोट ठेवलं.

"आली सुमन. हे पाह्य. मंजूर आहे."

तिनं शिक्क्यावरून बोट फिरवलं. तोंडभर हसली. मग आत स्वयंपाकघराकडे हात करून त्यांना म्हणाली, "मंग बसून का राहिले? चाय ठेवा ना. थकून आली असन थे."

टेंभुर्णे लगेच उठले. आतून चहाचा ट्रे घेऊन आले तेव्हा ओसरीत आम्ही तिघंच होतो, आणि ट्रेमध्ये चार कप होते.